कुंदाताईंची चांदी

आमच्या बिल्डिंगमध्ये कधी कुणाकडे आलात आणि हातात चॉकलेट असेल, तर आधीच सांगून ठेवते, ते तुम्हाला सुखानं खायला मिळणार नाही. जिन्यात कुंदाताई भेटल्या की त्या तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत, चॉकलेटकडे बघतात. "खा, खा, सावकाश खा," म्हणतात आणि हात पुढे करून उभ्या राहतात. तुम्हाला वाटतं, बाईला घास हवाय. घास नको असतो तिला. तिला चांदी हवी असते.

चांदी म्हणजे चॉकलेटच्या आतला तो चकचकीत कागद. तो तुमच्या हातून घ्यायचा, तिथल्या तिथे जिन्याच्या कठड्यावर अंगठ्याच्या नखानं सरळ करायचा आणि पर्समधल्या आरत्यांच्या पुस्तकात ठेवायचा. सोसायटीच्या गणपतीपुढे कुंदाताईंनी पुस्तक उघडलं की आधी चांदी उडते, मग आरती सुरू होते. एकदा गुरुजींच्या निरांजनात एक कागद पडला, तर ह्या बाईनं जळता जळता तो वाचवला. गुरुजींच्या धोतराकडे नंतर बघितलं.

मी मंजू. कुंदाताईंच्या शेजारचं दार माझं. डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, भिंतीला भिंत लावून आम्ही कितीतरी वर्षं राहतोय, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी मी त्यांच्यावर जळतेय. सरळ सांगून टाकते. मागाहून तुम्ही म्हणाल, बाईच्या बोलण्याला जरा वास येतोय. येऊ दे. जळकाच आहे तो.

कुंदाताई टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या. लग्न केलं नाही. आईवडिलांचं आजारपण काढण्यात वय निघून गेलं, असं आमच्या सासूबाई म्हणतात. बाई काटकुळी, केसांचा लिंबाएवढा अंबाडा, आणि दोन्ही हातांची नखं बारा महिने कुठल्या ना कुठल्या रंगाची. तरण्या पोरी नेलपॉलिश लावतात तसं नव्हे. एक बोट हिरवं, एक जांभळं, अंगठा लाल. रिक्षावाला सुट्टे पैसे देताना आधी हाताकडे बघतो, मग तोंडाकडे बघतो, आणि मग गुपचूप पूर्ण पैसे परत करतो.

ह्या सगळ्याचं मूळ म्हणजे गौरीपुढच्या बाहुल्या. भाद्रपदात गौरी येतात, त्यांच्यापुढे आपण आरास मांडतो. कुणी फराळ मांडतं, कुणी खेळणी. कुंदाताई बाहुल्या मांडतात. शहाडकडच्या एका कुंभाराकडून भाजलेल्या, बिनरंगाच्या मातीच्या बाहुल्या आणायच्या. गवळण, कासार, वासुदेव, बैलगाडी, बहिणीला न्यायला आलेला फेटेवाला भाऊ. मग त्यांना वर्षभर खळ लावून चांदी चिकटवायची, चमच्याच्या पाठीनं दाबायची, संपलेल्या बॉलपेननं तिच्यावर पदराच्या चुण्या आणि काठाची नक्षी ओढायची. आणि सगळ्यात शेवटी वरून ग्लास कलर. काचेवर लावतात तो, आरपार दिसणारा. हिरवा लावला की खालची चांदी अशी काही उठून येते की गवळण पैठणी नेसून उभी आहे असंच वाटतं. लाल लावला की... जाऊ दे. त्या लालबद्दल मी बोलणार नाही. माझं डोकं दुखतं.

"घट्ट रंग लावायचा तर चांदी कशाला?" कुंदाताई म्हणतात. "मग खाली पेपर चिकटवा की! रंग पदरासारखा असावा गं. घ्यायचा असतो, गुंडाळायचा नसतो. खालचं दिसलं पाहिजे."

'खालचं दिसलं पाहिजे' हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मागे ठाण्यात टेंभी नाक्याला नवरात्रात देवीच्या दर्शनाला आम्ही बायका मिळून गेलेलो. एवढी रोषणाई, एवढी गर्दी, आम्ही माना वर करून बघतोय. कुंदाताईंनी सगळं नीट बघितलं, हात जोडले आणि म्हणाल्या, "छान आहे. पण खालचं दिसत नाही."

चांदीतही सोवळंओवळं आहे. घरात पोळ्या बांधायचा रोल असतो ना, तो चालत नाही. मी एकदा मोठ्या मनानं अख्खा नवा रोल नेऊन दिला. तर म्हणाल्या, "ही डब्याची चांदी. हिला सणाचं काय कळतंय?" आणि त्याच रोलमध्ये बांधून मला थालीपीठ परत पाठवलं. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी चालते, पण फक्त 'साध्या' गोळ्यांची. ब्लडप्रेशरची नको. "बाहुलीच्या अंगावर कशाला कुणाचं दुखणं?" ठाण्याला एका लग्नात जेवणानंतर चांदीत गुंडाळलेली चॉकलेटं ठेवलेली, तेव्हा ह्या टेबलाटेबलावर फिरून कागद गोळा करत होत्या. नवऱ्यामुलाच्या काकांना वाटलं केटररची बाई आहे, त्यांनी उष्टं ताट हातात दिलं. कुंदाताईंनी ताटातला कागद काढून घेतला आणि ताट इमानदारीत नेऊन ठेवलं. वर येऊन आम्हाला सांगतात, "माणसं चांगली आहेत. स्वतःहून आणून देतात."

आणि एवढं सगळं करून कुणी म्हटलं, "कुंदाताई, काय हात आहे हो तुमचा!" की ह्यांचं ठरलेलं उत्तर, "काही नाही गं, नुसतं चिकटवायचं!"

नुसतं चिकटवायचं! माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मला पाहा अन् फुलं वाहा म्हणणारी माणसं परवडली. 'काही नाही गं' म्हणणारी नाही परवडत.

पण मला खरं काय झोंबतं ते सांगते. मला झोंबतात आमच्या सासूबाई. ऐंशी ओलांडलीय त्यांनी, अजून दात स्वतःचे आणि मतंही स्वतःची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या घरातल्या गौरी मी उभ्या करते. मुखवटे, साड्या, पुरणावरणाचा स्वयंपाक, संध्याकाळचं हळदीकुंकू, सगळं एकटी. आईंनी आजवर एकदा, फक्त एकदा 'बरं झालंय हो' म्हणावं, एवढीच माझी इच्छा. पण नावडतीचं मीठ अळणी. पुरणपोळी तोंडात घालून त्या छताकडे बघतात आणि म्हणतात, "वेलदोडा कुठल्या दुकानातला?" बस्स. एवढंच.

आणि ह्याच आई रोज दुपारी चहा झाला की काठी टेकत शेजारी जातात. कशाला? चांदी सरळ करायला! तिथे बसून दोघी चमच्यांनी कागद घासतात. भिंतीतून मला सर्र सर्र ऐकू येतं. संध्याकाळी परत आल्या की जेवताना बातमीपत्र. "कुंदानं आज कासाराला पिवळं केलं. कुंदानं बैलाच्या शिंगांना जांभळं दिलं. हात म्हणजे हात आहे हो पोरीचा." पोरगी सहासष्ट वर्षांची! आमचे हे पानातली भाजी संपवत म्हणतात, "खरंच, छान करतात." मी म्हणते, "मग तिकडेच जेवायला जा."

दर वर्षी एकच तऱ्हा. गौरी यायच्या आदल्या दिवशी कुंदाताईंच्या हॉलमध्ये सगळी बिल्डिंग बाहुल्या बघायला लोटते. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्या इरकल नेसतात, बाहुल्या खोक्यात भरतात, आणि जिन्यातून प्रत्येक दाराशी थांबत सांगत जातात, "निघाले हं, माहेरी निघाले." माहेर म्हणजे कल्याणला धाकट्या भावाचं घर. घरच्या गौरी आईवडिलांमागे त्याच्याकडे गेल्या. गौरी मुलाकडे जातात, मुलीकडे राहत नाहीत, ही आपली रीत. तीन दिवस ह्या तिकडे. त्यांच्या बाहुल्या तिकडच्या गौरींपुढे. आणि इकडे माझ्या हळदीकुंकवाला बायका येतात, माझं मसाला दूध पितात आणि पुसलेल्या ओठांनी म्हणतात, "कुंदाताईंच्या बाहुल्या बघितल्यास ना गं?"

यंदा मी ठरवलं. बास. यंदा मीही.

मुलगा पुण्याला नोकरीला असतो, त्याची खोली रिकामी. दार लावून घेतलं. आईंना सांगितलं, आत ढेकूण मारायचं औषध मारलंय. स्टेशनजवळच्या दुकानातून ग्लास कलरच्या बाटल्या आणल्या, मोबाइलवर व्हिडिओ लावला, गवळण, कासार आणि वासुदेव घेऊन बसले. चांदी चिकटवली. आता, नुसतं चिकटवायचं म्हणणाऱ्या बाईला माझ्यासमोर आणा. गवळणीच्या नाकावर चांदी बसेना. नाक दाबलं की कान सुटायचा. शेवटी मी नाकाशी तडजोड केली. मग रंग लावला, चांगला दोन-दोन हात दिला आणि वाळायला ठेवलं. कशावर? तर पेपरवर. आडवं.

भाद्रपदातली डोंबिवलीची हवा तुम्हाला ठाऊक असेल. इथे पापड वाळत नाहीत. रंग काय वाळणार?

गौरी ज्या दिवशी आल्या त्याच संध्याकाळी मी बाहुल्या उचलायला गेले. गवळण उचलली तर पेपर सोबत आला. ओढला, तर अर्धा निघाला, अर्धा राहिला. गवळणीच्या पाठीवर, पारदर्शक हिरव्या रंगाखाली, स्वच्छ दिसत होतं, 'गुडघेदुखीपासून कायमची मुक्ती.' वासुदेवाच्या मागे कुणाचं तरी श्रद्धांजलीचं अर्धं तोंड. मी घाईघाईनं थिनर लावला, तर रंगही गेला, चांदीही फाटली आणि मजकूर तेवढा राहिला. खालचं दिसलं पाहिजे ना? दिसत होतं!

नेमक्या आई दारात. गवळणीला हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे फिरवलं. "हिला गोवर आलाय का गं?" म्हणाल्या आणि ठेवून दिली. मी मोरीत जाऊन रडले. खरंच रडले. नळ सोडून.

त्याच सकाळी कुंदाताई माहेरी गेलेल्या. यंदा त्यांनी आदल्या दिवशी बाहुल्या कुणाला दाखवल्याच नाहीत. "परत आले की दाखवीन," एवढंच म्हणाल्या. आणखी एक. दर वर्षी त्या नसताना त्यांच्या तुळशीला मी पाणी घालते, किल्ली आमच्याकडेच असते. यंदा म्हणाल्या, "नको मंजू, मी बाटली उलटी खोचून ठेवलीय, थेंब थेंब पडत राहील." म्हणजे आता माझ्या हातचं पाणीसुद्धा नको! त्या थेंबाथेंबानं मी दिवसभर पेटत होते.

दुसऱ्या दिवशी गौरीपूजन. सकाळी पुरण शिजायला टाकलं आणि गौरींपुढची रिकामी जागा बघून मला राहवेना. किल्ली घेतली. तुळशीचं निमित्त. खरं म्हणजे मला त्यांची ती लाल बाटली बघायची होती. कुठल्या दुकानाची आहे, त्यात काय कालवतात, आणि उरलीसुरली एखादी बाहुली कुठे दिसतेय का. उसनी, हो! फक्त उसनी.

दार उघडलं. पडदे ओढलेले. जमिनीवर, भिंतीला टेकून, कुंदाताई बसलेल्या. मांडीवर वाटी, वाटीत दूध, हातात पाव. आणि समोर भिंतीशी साऱ्या बाहुल्या मांडलेल्या. गाडी, बैल, फेटेवाला भाऊ, गवळण, कासार. मध्ये एक रिकामा पाट.

माझ्या हातात किल्ली तशीच.

"तुळशीला पाणी घातलंय मी," कुंदाताई म्हणाल्या.

मला आधी काय वाटलं सांगू? आनंद. हो, आनंद झाला. बाई माहेरहून परत आलीय! काहीतरी फिसकटलंय! आणि मग माझी नजर पुन्हा त्या वाटीकडे गेली. गौरीच्या दिवशी, अख्ख्या डोंबिवलीत पुरण शिजत असताना, ही बाई अंधारात दूध-पाव खातेय.

"कुंदाताई, हे काय? कुकर तरी लावायचा!"

"शिटी ऐकू गेली असती तुला," त्या म्हणाल्या. "तुझा कान तिखट आहे. लिफ्ट वाजली तरी दार उघडतेस. म्हणून काल दुपारी जिन्यानंच वर आले, खोकं घेऊन."

तीन मजले. त्या गुडघ्यांनी. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

मग हळूहळू निघालं. वहिनीनं फोनवर आधीच कुणकुण दिलेली, म्हणूनच ह्यांनी यंदा बाहुल्या कुणाला दाखवल्या नव्हत्या आणि मला पाण्यालाही नको म्हटलेलं. भावाकडे यंदा ठाण्याहून डेकोरेशनवाले आलेले. भाच्याच्या बायकोची हौस. सगळं मोतिया, फिकट गुलाबी, कागदाची मोठी मोठी फुलं. कुंदाताई खोकं घेऊन पोचल्या तर सून म्हणाली, आत्या, तुमच्या बाहुल्या सुंदरच आहेत, पण चांदीची फोटोत चकाकी येते हो. वहिनी म्हणाली, आतल्या खोलीत ठेवू कपाटावर, नीट राहतील.

"वाईट नाहीत गं कुणी," कुंदाताई म्हणाल्या. "जेवून जा म्हणाले. राहायचं काही कुणी बोललं नाही, घरात पाहुणे खूप होते. मला तर बाहुल्या कपाटावर ठेववेनात. आईच्या गौरी समोर आणि ह्या कपाटावर? मी म्हटलं, नको, ह्या माझ्या शेजारच्या मंजूनं मागून ठेवल्यात, तिच्या गौरींपुढे मांडायच्यात. मला लगेच निघायला हवं. तुझं नाव घेतलं. रागावू नकोस."

"मग इथे अंधारात का बसलात? परत आले म्हणून सांगायचं!"

"कुणाला सांगू? दाराशी थांबून थांबून सांगत गेले ना, माहेरी निघाले म्हणून." मग त्यांनी हातातला पाव वाटीत सोडला. "मंजू, तेवढं खोटं नको पडायला. ठेवशील तुझ्याकडे बाहुल्या? आणि मी इथे आहे हे बोलू नकोस. विचारलं तर सांग, आदल्या दिवशी देऊन गेले. खोक्यात अनारसे होते म्हणावं."

अनारसे! इतक्या दुःखातसुद्धा बाईनं खोक्याचा हिशेब चुकवला नाही.

आता बघा माझी पंचाईत. आयुष्यभर ज्या बाहुल्यांवर जळले, त्या माझ्याच गौरींपुढे मांडायच्या. माझी गोवराची गवळण कचऱ्यात, आणि ह्यांची पैठणी नेसलेली मध्यभागी. नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलेलं. पण ती वाटी. मी परात आणली, बाहुल्यांवर टॉवेल टाकला आणि समोरच्या जोशीवहिनींच्या दाराला असलेल्या त्या भिंगाच्या डोळ्यासमोरून, पुरणाची परात नेतेय अशा ऐटीत, दोन खेपा केल्या.

मांडायला बसले तर फोन. व्हिडिओ कॉल. पलीकडून कुजबुज, "दाखव." मी दाखवलं. "गाडी जरा तिरकी घे. भाऊ पुढे. नाही, एवढा पुढे नको, बैल तुडवेल." फोनमधून एकदा आणि भिंतीतून एकदा, अशी प्रत्येक सूचना मला दोनदा ऐकू येत होती.

"कुणाशी बोलतेयस?"

मागे आई. काठी टेकून उभ्या. मी फोन उलटा ठेवला. आईंनी बाहुल्यांकडे बघितलं. त्या बाहुल्यांच्या अंगावरची कितीतरी चांदी त्यांच्याच नखाखालून गेलेली.

"ह्या कुंदाच्या."

"देऊन गेल्या त्या. आदल्या दिवशी. खोक्यात अनारसे होते."

"कुंदाला अनारसे येत नाहीत," आई म्हणाल्या.

काय करणार? सांगितलं सगळं. बोलू नकोस म्हटलेलं, ते पाव तासही टिकलं नाही. आई ऐकत होत्या. दूध-पावाशी आले तेव्हा त्या पलंगाच्या काठावर बसल्या. म्हणाल्या, "मंजू, आज कुमारिका जेवायला घालायचीय."

"कुमारिका? आपल्याकडे सवाष्ण असते. जोशीवहिनींना सांगितलंय मी. आता ऐनवेळी कुणाची मुलगी आणू?"

"शेजारून आण."

"आई, सहासष्ट वर्षांच्या आहेत त्या!"

"लग्न झालंय का तिचं?"

"नाही."

"मग झालं तर! कुमारिका किती वर्षांची हवी असं कुठल्या पोथीत लिहिलंय, दाखव मला. जोशीण जेवून झोपली की घेऊन ये."

जोशीवहिनी जेवल्या, दोन पोळ्या जास्त जेवल्या, आणि जाऊन घोरायला लागल्या. बिल्डिंग सामसूम झाल्यावर मी कुंदाताईंना घेऊन आले. अनवाणी, चपलांचा आवाज नको म्हणून. दारातून आत आल्या आणि आमच्या गौरी बघून तिथेच थांबल्या. पुढे त्यांच्या बाहुल्या. हात जोडले आणि तसेच उभे. मग स्वतःशीच म्हणाल्या, "इथे शोभतात."

आईंनी त्यांना पाटावर बसवलं. रीतीप्रमाणे पाय धुवायला वाकायला लागल्या, तर कुंदाताई उडाल्याच. "काकू, काय करता!" "गप्प बस," आई म्हणाल्या, "कुमारिकेनं बोलायचं नसतं." रंगीत नखांच्या त्या पायांवर, हो, पायाची नखंही रंगलेली होती, आईंनी पाणी घातलं, कुंकू लावलं. पान वाढलं. कुंदाताई पानाकडेच बघत बसल्या. आईंनी त्यांच्या त्या लिंबाएवढ्या अंबाड्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जेव गं पोरी. भरपूर केलंय."

माझ्या डोक्यावरून आईंनी असा हात कधी फिरवला नाही. कधीच नाही. मी ओट्याशी उभी राहून जळले. अगदी पुरती जळले. आणि पोळीवर तूप घालायला गेले ते एवढं घातलं की पानाबाहेर ओघळ गेला.

संध्याकाळी हळदीकुंकू. बायका आत आल्या आणि थेट बाहुल्यांकडे. "अगंबाई, कुंदाताईंच्या! काय लाल आहे बघ! गाडी बघ, भावाचा फेटा बघ!" माझ्या घरात, माझ्या गौरींपुढे, माझं दूध पीत. पुरण कसं झालं हे विचारायला कुणाला फुरसत नाही. आणि मला माहीत होतं, भिंतीच्या त्या अंगाला, दिवा न लावता, एक बाई कान देऊन बसलीय.

माझी एक वाईट खोड आहे. करायचं नाही म्हटलं की करत नाही, आणि एकदा करायला घेतलं की आवाजी करते. मी भिंतीशी सरकले आणि घसा मोकळा सोडून म्हटलं, "कुंदाताईंचा हात आहे हो तो! सबंध डोंबिवलीत असं कुणाला जमायचं नाही! मी स्वतः करून बघितलंय, सांगते! माझी गवळण बघाल तर पळून जाल!"

"अगं, हळू बोल, बहिरी नाही मी," जोशीवहिनी म्हणाल्या.

"ठाण्याकल्याणचे मोठे डेकोरेशनवाले आणा!" मी आणखी ओरडले. "ह्याची सर नाही यायची!"

आई सोफ्यावर बसून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी दुधाचा पेला दुसऱ्यांदा पुढे केला.

तिसऱ्या दिवशी गौरी जातात. दुपारी आईंनी कुंदाताईंच्या पदरात नारळ आणि खण घातला. म्हणाल्या, माहेरवाशीण रिकाम्या हातांनी जात नाही. आता प्रश्न असा की कुंदाताईंना कल्याणहून परत यायचं होतं. आमच्या ह्यांनी त्यांना सामसूम बघून मागच्या फाटकातून रिक्षात घातलं, स्टेशनपर्यंत नेलं, उसाचा रस पाजला आणि दुसऱ्या रिक्षात बसवून दिलं. विसर्जनाला सगळ्या बायका खाली गेटपाशी जमलेल्या, तेवढ्यात रिक्षा थांबली. इरकल, रिकामं खोकं, पदरात नारळ.

"आल्या कुंदाताई! कसं झालं माहेर?" जोशीवहिनींनी विचारलं.

मी आईंच्या शेजारी उभी होते. ह्या बाईला अनारशाचंसुद्धा नीट खोटं बोलता येत नाही.

"छान झालं," कुंदाताई म्हणाल्या. "ह्या वेळी फारच छान झालं. पाटावर बसवून जेवायला घातलं. ओटी भरली."

"आणि वहिनी? काही देते-घेते की नाही?"

कुंदाताईंनी खोकं खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. "वहिनी बोलायला तिखट आहे जरा. माझ्यावर मनातून जळतेसुद्धा, मला कळतं ते. पण जेवायला वाढते ना, तेव्हा तूप पानाबाहेर जातं गं तिचं."

बायका हसल्या. जोशीवहिनींनी मला कोपरानं ढोसलं. "ऐकलंस मंजू? वहिनी असावी तर अशी. शीक काहीतरी."

"हो," म्हटलं. डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं केलं आणि गौरीचा मुखवटा सावरायला खाली वाकले.

आई माझ्या कानाशी आल्या. "पुरण बरं झालेलं हो काल," म्हणाल्या.